केस गळतायत? आधी तीन महिने मागे जाऊन बघा

दोन महिन्यांपूर्वी इंदूरहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. एरवी ती आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग आपलं सांगते. त्या दिवशी मात्र एकदम म्हणाली, "वहिनी, मला आता टक्कल पडणार बहुतेक. रोज बाथरूमच्या जाळीत एवढा पुंजका असतो. हे म्हणतात शाम्पू बदल, सासूबाई म्हणतात रोज नहाणं बंद कर, शेजारच्या काकू कांद्याचा रस लाव म्हणतायत. मी नक्की काय करू?"

मी तिला एकच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

"तीन महिन्यांपूर्वी? काही नाही. हां, डेंग्यू झाला होता. पण तो तर केव्हाच बरा झाला!"

मैत्रिणींनो, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच तोंडून आलं होतं, फक्त तिला ते कळलं नव्हतं. हा प्रश्न विचारायचा असतो हे मलाही फार उशिरा कळलं. मध्ये बरेच पैसे गेले, आणि त्याहून महत्त्वाचं काहीतरी हातचं जाता जाता वाचलं. ते पुढे सांगतेच. आधी केस गळतात कसे, ते समजून घेऊ.

केसाचं आयुष्य

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग त्याची वाढ थांबते. पुढचे सुमारे तीन महिने तो जागेवर नुसता विसावलेला असतो आणि शेवटी गळतो. त्याच जागेतून नवा केस वर येतो. सगळं ठीक असेल तर शंभरातले ८५ ते ९० केस वाढत असतात आणि उरलेले बहुतेक विसावलेले.

म्हणजे दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच आहे. तीन-चार दिवसांनी केस धुतले की तेवढ्या दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि आपण घाबरतो. ते धुतल्यामुळे गळलेले नसतात, आधीच सुटलेले असतात. त्यामुळे भीतीपोटी केस धुणं बंद करू नका. डोक्यात कोंडा आणि तेलकटपणा साठला तर त्रास वाढतोच.

"अहो, पण माझा केस मुळासकट निघतोय!" हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय. गळलेल्या केसाच्या टोकाला छोटा पांढरा ठिपका दिसतो, त्याला आपण मूळ समजतो. तो फक्त विसावलेल्या केसाचा खालचा गड्डा असतो. खरं मूळ त्वचेच्या आत असतं आणि ते तिथेच राहतं. पांढरा ठिपका दिसला म्हणजे तो केस आपलं आयुष्य संपवून गळला, एवढाच त्याचा अर्थ.

तीन महिन्यांचा हिशोब

शरीरावर मोठा ताण आला की शरीर आधी हृदय, मेंदू, यकृत सांभाळतं. केसांचा नंबर शेवटी. अशा वेळी वाढत असलेले बरेच केस एकदम विसाव्याला जातात. ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिने थांबतात. तोवर आपण आजारपण विसरलेलो असतो. मग ते एकदम गळायला लागतात आणि आपण कालच आणलेल्या शाम्पूला दोष देतो. डॉक्टरांच्या भाषेत याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात.

डेंग्यू, टायफॉइड, कोविडसारखा मोठा ताप, एखादं ऑपरेशन, घरातला मृत्यू, खूप रक्तस्राव, घाईने केलेलं डाएट, यांपैकी काहीही कारण असू शकतं. माझ्या भाचीने लग्नाच्या लेहंग्यात बसायचं म्हणून दोन महिने नुसतं सूप आणि काकडीवर काढले. लग्नात छान दिसली, पण लग्नानंतर दोन महिन्यांनी उशीवर केसच केस! सासरी सगळ्यांना वाटलं, नव्या गावचं पाणी लागलं नाही. खरं कारण मागच्या दोन महिन्यांतल्या जेवणात होतं.

बाळंतपणानंतरही हेच होतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे केस कमी गळतात, म्हणून दाट दिसतात. बाळंतपणानंतर ते थांबलेले सगळे केस एकदम गळतात, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ही गळती सगळ्यात जास्त असते. आमची आजी म्हणायची, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. बाळाच्या हसण्याचा दोष काहीच नाही, पण तिने वेळ अगदी बरोबर हेरली होती.

या प्रकारातली चांगली गोष्ट अशी की मूळ शाबूत असतं. कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप कमी होते. बाळाचा पहिला वाढदिवस येईतो बहुतेक आयांचे केस पूर्ववत होतात. कपाळाजवळ बारीक, उभे राहणारे केस दिसू लागले तर ते तुटलेले केस आहेत असं समजू नका. बहुतेक वेळा ते नव्याने उगवलेले असतात. त्यांना खांद्यापर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागतील, तेवढा धीर मात्र धरावा लागतो.

गळणं वेगळं, विरळ होणं वेगळं

प्रत्येकीचं कारण असं तात्पुरतं नसतं. म्हणून आरशासमोर उभं राहून नीट बघा.

भांग रुंद होत चाललाय का? पोनीटेलचा जाडपणा दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आलाय, पण कपाळावरची केसांची रेघ तशीच आहे? हे बायकांमधलं आनुवंशिक विरळपण असू शकतं. यात पुंजके गळतीलच असं नाही. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येत जातो. हे आईकडून किंवा वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकतं आणि पाळी गेल्यावर जास्त जाणवतं. वय कमी असेल आणि सोबत पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस, खूप मुरुमं असं असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडलाय? त्याला आपण चाई म्हणतो. रात्री किडा केस खाऊन गेला, असं अजूनही अनेक घरांत सांगतात. किड्याचा यात काही संबंध नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. मुलाचा कंगवा वेगळा ठेवायची, त्याला शाळेत वेगळं बसवायची काही गरज नाही. बऱ्याच वेळा केस परत येतात. त्वचारोगतज्ज्ञ त्या जागी इंजेक्शन देऊन मदतही करतात. मुलांच्या डोक्यावरच्या चट्ट्यात खवले किंवा खाज असेल तर मात्र ते गजकर्णही असू शकतं. ते पसरतं, म्हणून लवकर दाखवावं.

कानशिलांजवळचेच केस कमी होतायत? तर वेणी, अंबाडा, पोनीटेल किती घट्ट बांधता ते बघा. रोज ओढ बसून तिथली मुळं दुखावतात. शाळेतल्या मुलींच्या कडक वेण्या, नोकरीतला घट्ट आंबाडा, नकली केसांची जोडणी, सगळ्यांनी हे होतं. लवकर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर येत नाहीत.

आणि डोक्याची त्वचा दुखत असेल, जळजळत असेल, लाल झाली असेल, पू येत असेल किंवा तिथे चकचकीत डाग पडला असेल, तर महिनाभर वाट बघू नका. काही आजारांत मूळच मरतं आणि मग तिथे केस परत येत नाही. अशा वेळी लवकर जाण्यालाच महत्त्व आहे.

माझी चूक

आता माझं सांगते. मी सत्तेचाळीस वर्षांची असताना माझे केस गळायला लागले. वर्षभर मी स्वतःला समजावत होते, वय झालं. आधी तेलं बदलली. मग घराजवळच्या एका हेअर क्लिनिकमध्ये दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. अठरा हजार रुपये. तिथे माझ्या केसांचे फोटो काढले, भांग मोजला, मशीन फिरवलं. माझ्या तब्येतीबद्दल मात्र कोणी एक प्रश्न विचारला नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

सांगण्यासारखं खूप होतं. दोन जिने चढले की धाप लागायची. तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय लागली होती. पाळीचे पहिले तीन दिवस गाठी पडायच्या, रात्री अंथरुणावर जुनी चादर घालून झोपायचे. "या वयात असंच असतं" असं माझी आई म्हणायची, तिची आईही म्हणायची. म्हणून मीही घरात कोणाला बोलले नाही.

मग एकदा खोकल्यासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सहज डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "पाळी कशी येते?"

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे दिवसाला किती पॅड?"

मला आकडा सांगायची लाज वाटली, पण सांगितला. त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.२ आलं. बाईचं बारा तरी असायला हवं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची मोठी गाठ दिसली.

पुढे गाठीवर उपचार झाले, लोहाची औषधं झाली, धाप गेली. कच्च्या तांदळाची ओढही गेली. ती ओढ हेच लोह कमी असल्याचं एक लक्षण होतं, हे मला नंतर कळलं. पण एक गोष्ट अजून मनाला लागते. केसांसाठी मी अठरा हजार रुपये सहज भरले. रक्ताच्या काही शे रुपयांच्या तपासणीसाठी मला दोन वर्षं वेळ मिळाला नाही. केस सगळ्यांना दिसतात म्हणून त्यांची काळजी केली. रक्त आतल्या आत कमी होत होतं, तिकडे पाहिलंच नाही. केस गळले नसते तर मी आणखी किती दिवस गप्प राहिले असते कोण जाणे.

आणि मी काही एकटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एकीहून जास्त.

डॉक्टरांकडे जाताना

जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून न्या. गळती कधी सुरू झाली? त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत कोणता आजार, ऑपरेशन, बाळंतपण, डाएट किंवा दुःख झालं? पाळी किती दिवस, किती जाते? कोणती औषधं घेता, गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या की बंद केल्या? आई, मावशी, आत्या, वडील यांचे केस कसे आहेत? दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असतोच, तोही दाखवा.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतात. गरजेप्रमाणे बी-१२, ड जीवनसत्त्वही. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. घरात डबा रिकामा झाला तरी आजची पोळी ताटात असते, तसं हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा संपलेला असू शकतो. म्हणून दोन्ही बघणं चांगलं.

एक महत्त्वाची गोष्ट. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबला नक्की सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तसं पाहिलं तर रोजचं जेवण जेवणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता फार क्वचित असते.

लोहाची गोळी चालू असेल तर तिच्याबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर तरी थांबा. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असू द्या, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्ही गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा.

तेल, कांदा आणि पावडरींचे डबे

तेल लावू नये का? जरूर लावा. खोबरेल तेलाने केस कमी तुटतात, मऊ राहतात. आईच्या हातचं तेल लावून घेण्याचं सुख वेगळंच. पण तेल लागतं ते वर आलेल्या केसाला. आतल्या मुळाला लोह, प्रथिनं आणि थायरॉइड हार्मोन रक्तातूनच मिळतात. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंडा वाढतो. कांद्याच्या रसाने कोणाचं हिमोग्लोबिन वाढलेलं नाही, काहींची त्वचा मात्र भाजल्यासारखी लाल होते. आणि केस कापले किंवा गोटा केला म्हणून दाट येत नाहीत, कारण मुळांची संख्या कात्रीने बदलत नाही.

"जास्त घेतलं तर जास्त फायदा" हे तर मुळीच खरं नाही. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळू लागले, तेव्हा सुरुवातीला सगळ्यांचा संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या, त्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण खूप वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधलं. म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या तीन-तीन गोळ्या एकत्र सुरू करण्याआधी डब्यावरचं वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

औषधाची गरज लागलीच तर

आनुवंशिक विरळपणासाठी मिनोक्सिडिल हे औषध जास्त वापरलं जातं. मुळात ते रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, त्यातून डोक्याला लावायचं औषध आलं. ते केसांना नाही, त्वचेला लावायचं असतं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि नेमक्या तिथेच बऱ्याच जणी ते सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं तर मिळालेला फायदा हळूहळू जातो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते वापरू नये. म्हणून मैत्रिणीची बाटली बघून सुरू करू नका, डॉक्टरांना विचारूनच करा.

माझं विचाराल तर, लोह भरून आल्यावर पाचेक महिन्यांत गळती थांबली. भांग मात्र पूर्वीसारखा भरला नाही. माझ्या आईचाही असाच रुंद होता. आता मी औषध लावते आणि भांग थोडा बाजूला पाडते. पहिलं वर्ष आरशात बघवत नव्हतं. आता बघवतं.

घरातल्यांनी एवढं करावं

केस गेले तर एवढं काय त्यात, असं घरातले पुरुष म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू धीर द्यायचाच असतो. पण आपल्याकडे बाईच्या केसांवर समाजाची नजर फार जुनी आहे. विधवा झाली की तिचे केस काढायचे, ही आपल्याच पणज्यांच्या काळातली गोष्ट. त्याविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिक बांधवांनी संप केला होता. केस जाणं म्हणजे काहीतरी अशुभ, काहीतरी कमीपणा, ही भावना अजून आपल्या मनातून पुरती गेलेली नाही. म्हणून ते दुःख लहान समजू नका.

लग्नसमारंभात भेटल्या भेटल्या "अगं, किती पातळ झाले तुझे केस!" असं म्हणू नका. तिला ते माहीत असतं. त्याऐवजी एकांतात विचारा, "तुझी तब्येत बरी आहे ना?" आणि तपासणीला जाताना सोबत जा. केस थोडे आखूड कापले तर भरीव दिसतात. ओढणी, स्कार्फ, विग, काहीही वापरलं तरी त्यात लपवाछपवी वाटायचं कारण नाही. आपण चष्मा लावतोच की.

इंदूरच्या नणंदेने तपासण्या केल्या. डेंग्यू तर होताच, शिवाय फेरिटिनही खूप कमी निघालं. औषध सुरू आहे. गेल्या रविवारी तिने कपाळाजवळ उभे राहिलेल्या बारीक केसांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "वहिनी, गवत उगवलं!"

आज फणीत जास्त केस दिसले तर आधी कॅलेंडरची तीन पानं मागे उलटा. त्या तीन महिन्यांत तुमच्या शरीरावर काय गुजरलं ते आठवा. आणि पाळीचं, धापेचं, थकव्याचं जे काही "असंच असतं" म्हणून दाबून ठेवलं असेल, ते या आठवड्यात डॉक्टरांना सांगा. शक्य झालं तर आईलाही सोबत न्या, तिलाही कोणी कधी विचारलेलं नसतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटूच. काळजी घ्या.